ऑयलरची चाळीस वर्षांची उधारी

थर्ड सेमच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल सरांनी माझ्या कीबोर्डवर स्वतःच्या हाताने एक संख्या टाइप केली. २१४७४८३६४७. प्रोग्रॅम अगदी साधा होता, दिलेली संख्या मूळ आहे की नाही एवढंच सांगायचं. (मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे प्राइम नंबरला मराठीत मूळ संख्या म्हणतात हे या लेखासाठी आईला फोन करून विचारावं लागलं. जिला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या.) जर्नलमधल्या सगळ्या संख्यांवर हा प्रोग्रॅम नीट चालला होता. या संख्येवर मात्र तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, मूळ नाही.

मी लगेच म्हणाले की सर, प्रोग्रॅम चुकतोय, ही संख्या मूळच आहे. कारण ती म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, आणि ३१ मूळ आहे, म्हणून हीसुद्धा मूळ. मला वाटलं आता सर खूश. सरांनी माझ्याच जर्नलच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं : २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. घात ११ मूळ आहे, पण संख्या मूळ नाही. म्हणजे प्रोग्रॅमचं उत्तर चूक, माझं उत्तर बरोबर आणि माझं कारण चूक. मार्क किती पडले ते इथे सांगत नाही.

प्रोग्रॅम का चुकला ते रात्री कळलं. मी i गुणिले i ही संख्या n पेक्षा लहान असेपर्यंत लूप फिरवत होते. ४६३४० पर्यंत ठीक. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१ येतो आणि तो इंटमध्ये मावतच नाही. मशीनला तो उणे २१४७४७९०१५ दिसतो. उणे संख्या n पेक्षा लहानच, त्यामुळे लूप थांबेना. शेवटी i स्वतः २१४७४८३६४७ ला पोचला, स्वतःने स्वतःला भाग गेला आणि प्रोग्रॅमने जाहीर केलं की मूळ नाही. कारण बत्तीस बिटांच्या इंटमध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे हीच. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. जुन्या टर्बो सीवाल्यांना ३२७६७ आठवत असेल, ती सोळा बिटांची मर्यादा. पण ३२७६७ ला ७ ने भाग जातो. चौसष्ट बिटांच्या मर्यादेलाही ७ ने भाग जातो. या तिघींत फक्त बत्तीसवाली मूळ निघाली, हा निव्वळ योगायोग.

तर ही संख्या मूळ आहे हे पहिल्यांदा सिद्ध कोणी केलं, हे शोधायला मी लायब्ररीत गेले आणि तिथे ऑयलर भेटला. हो, ऑयलर. आपण सगळे यूलर यूलर करतो, पण उच्चार ऑयलर असा आहे. सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांना तो कॉलमच्या बकलिंगमध्ये छळतो, एम-थ्रीमध्ये सगळ्यांनाच छळतो. मला वाटायचं की एवढी सूत्रं नावावर असलेला माणूस कधी चुकतच नसणार. पण याच संख्येच्या बाबतीत त्याने आधी दावा केला, मग त्याला शंका आली, आणि सिद्धता आली ती चाळीस वर्षांनी. तोवर त्याची दृष्टी गेली होती.

लेओनहार्ड ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ चा, स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावचा. वडील पाद्री. मुलाने आपल्यासारखंच चर्चमध्ये जावं ही त्यांची इच्छा. पण तरुणपणी ते स्वतः याकोब बर्नुलीच्या गणिताच्या व्याख्यानांना बसलेले होते, म्हणजे घरात किडा आधीच होता. तेराव्या वर्षी ऑयलर विद्यापीठात गेला. याकोबचा भाऊ योहान बर्नुली तेव्हा तिथे प्रोफेसर होता. त्याने खासगी शिकवणी द्यायला नकार दिला, पण एक सवलत दिली. आठवडाभर कठीण पुस्तकं स्वतः वाच, जिथे अडेल तिथे खूण कर आणि शनिवारी दुपारी ये. ऑयलर शक्य तितक्या कमी शंका घेऊन जायचा. (आपल्याकडे उलट. डाउट सेशनला आपण अख्खं युनिट घेऊन जातो.) शेवटी योहाननेच वडिलांना समजावलं की पोरगा पाद्री नाही, गणिती होणार.

वीस वर्षांचा असताना, म्हणजे माझ्या वयाचा असताना, त्याने पॅरिसच्या अकादमीच्या स्पर्धेसाठी जहाजावर डोलकाठ्या कुठे बसवाव्यात यावर निबंध पाठवला. चारी बाजूंनी जमीन असलेल्या देशातला हा मुलगा, समुद्रही बघितलेला नाही, तरी उत्तेजनार्थ गौरव मिळाला. बाझलमध्ये प्रोफेसरकीसाठी अर्ज केला, ती मिळाली नाही. मग योहानचा मुलगा डानिएल ज्या सेंट पीटर्सबर्गच्या नव्या अकादमीत होता तिथे तो १७२७ मध्ये निघाला. जागा निघाली होती शरीरशास्त्र विभागात, म्हणून त्यासाठी तयारी करून गेला. पोचला त्याच सुमारास महाराणी कॅथरीन पहिली वारली आणि अकादमीचेच दिवस फिरले. कसंबसं करून तो गणितात आला. १७३३ मध्ये डानिएल थंडीला आणि रशियाला कंटाळून घरी परतला, तेव्हा गणिताची मुख्य खुर्ची ऑयलरला मिळाली. पुढच्या वर्षी लग्न झालं, काटरीना ग्सेल नावाच्या चित्रकाराच्या मुलीशी. त्यांना तेरा मुलं झाली, बालपण पार करून जगली फक्त पाच.

याच अकादमीत क्रिस्टियान गोल्डबाख होता, पत्रं लिहिण्याची भारी आवड असलेला. १७२९ च्या डिसेंबरमध्ये त्याने ऑयलरला विचारलं की फर्माचं ते विधान तुला माहीत आहे का? फर्माचं म्हणणं असं होतं की ३, ५, १७, २५७, ६५५३७ या ओळीतल्या सगळ्या संख्या मूळ असतात. पुढची संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, ४२९४९६७२९७. ऑयलरने १७३२ मध्ये अकादमीपुढे एक छोटा लेख ठेवला आणि दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो. एवढा मोठा फर्मा, पण एका भागाकारात विधान खलास.

आता गंमत बघा. त्याच लेखात ऑयलरने स्वतःही एक दावा ठोकून दिला. त्यासाठी परिपूर्ण संख्या म्हणजे काय ते थोडं सांगते. ६ चे विभाजक १, २, ३ आणि त्यांची बेरीज ६. तसंच २८ चं. अशा संख्या युक्लिडच्या काळापासून माहीत होत्या, आणि युक्लिडनेच दाखवलं होतं की २ च्या घातातून १ वजा केल्यावर जेव्हा मूळ संख्या मिळते तेव्हा तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या बनवता येते. म्हणून असे घात कोणते याची यादी करायचा नाद अनेकांना होता. इटलीच्या कातालदीने १७ आणि १९ नीट तपासले आणि मग २३, २९, ३१, ३७ हेही चालतात असं सांगून टाकलं. २३ आणि ३७ फर्माने १६४० मध्ये पाडले. फ्रेंच पाद्री मर्सेनने १६४४ मध्ये आपली यादी छापली, तिच्यातही ३१ होता. ती यादीही पुढे चुकीची निघाली, ६७ आणि २५७ नको होते, ६१, ८९, १०७ राहून गेले. ऑयलरने १७३२ च्या लेखात २९ पाडला (२३३ ने भाग जातो), पण आपल्या यादीत ३१, ४१ आणि ४७ ठेवले.

४१ आणि ४७ दोन्ही चूक. सत्तेचाळीसवालीला २३५१ ने भाग जातो, एकेचाळीसवालीला १३३६७ ने. फर्माची चूक दाखवणाऱ्या लेखातच त्याची स्वतःची चूक! हे वाचलं तेव्हा मला माझी व्हायवा आठवली आणि खरं सांगायचं तर जरा बरं वाटलं.

नंतरची वर्षं मी भरभर सांगते, कारण ती सगळीकडे वाचायला मिळतात. १७३५ मध्ये त्याने १, एक चतुर्थांश, एक नवमांश अशी वर्गांच्या व्यस्तांची बेरीज पायवर्ग भागिले ६ येते हे काढलं आणि युरोपभर नाव झालं. त्याच वर्षी जबर ताप आला. १७३८ च्या सुमारास उजवा डोळा गेला. त्याचं स्वतःचं मत होतं की नकाशांच्या कामामुळे गेला. क्योनिग्सबर्गचे सात पूल, ग्राफ थिअरी, तेही याच काळातलं. १७४१ मध्ये रशियातलं वातावरण बिघडल्यावर तो बर्लिनला फ्रेडरिक राजाच्या अकादमीत गेला आणि तिथे पंचवीस वर्षं राहिला. राजाला चटपटीत बोलणारे फ्रेंच लोक आवडायचे. हा साधा, देवभोळा, घरात मुलांच्या गोंगाटात बसून गणितं करणारा माणूस त्याला रुचला नाही. राजा त्याच्या एका डोळ्यावरून पाठीमागे टिंगलही करायचा.

बर्लिनमधून गोल्डबाखशी पत्रं चालूच होती. १७५२ च्या ऑक्टोबरमध्ये ऑयलरने त्याला परिपूर्ण संख्यांबद्दल लिहिलं. वीस वर्षांपूर्वीच्या यादीतले ४१ आणि ४७ आता नव्हते. खात्रीच्या परिपूर्ण संख्या त्याने फक्त सात मानल्या, १९ व्या घातापर्यंतच्या. आणि ३१ बद्दल सरळ कबुली, की ही संख्या मूळ आहे की नाही हे मला नक्की ठाऊक नाही. ज्याच्या शब्दावर अख्खा युरोप विश्वास ठेवत होता त्याने जुना दावा असा मागे घेतला. कोणी मागे लागलं नव्हतं, एक्स्टर्नल समोर बसला नव्हता.

१७६६ मध्ये कॅथरीन दुसरी हिच्या बोलावण्यावरून तो पीटर्सबर्गला परतला. आल्यावर थोड्याच दिवसांत उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. १७७१ हे वर्ष तर कोणाच्याही वाट्याला येऊ नये असं. मे महिन्यात शहरात मोठी आग लागली, त्याचं लाकडी घर जळालं. बाझलचाच एक माणूस, पेटर ग्रिम, आत घुसला आणि जवळजवळ आंधळ्या ऑयलरला खांद्यावर टाकून बाहेर घेऊन आला. हस्तलिखितं बरीचशी वाचली. शरद ऋतूत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस दिसू लागलं. मग डोळ्यात पू झाला, भयंकर वेदना झाल्या आणि दृष्टी कायमची गेली. पाटीवर खडूने काढलेली मोठी अक्षरं तेवढी अंधुक दिसत.

आणि मग १७७२ चं पत्र. बर्लिनला योहान बर्नुलीला लिहिलेलं. हा ज्याने शनिवारी शंका सोडवल्या तो योहान नव्हे, त्याचा नातू, खगोलशास्त्रज्ञ. बर्लिनच्या अकादमीने ते छापलं. त्यात ऑयलर सांगतो की २१४७४८३६४७ मूळ आहे, आणि कशी तपासली तेही सांगतो.

ही पद्धत समजून घ्यायला मला दोन रात्री लागल्या, पण खरंच भारी आहे. साध्या मार्गाने जायचं तर ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्या जवळजवळ ४८०० आहेत. ऑयलरने आधी विचारलं की भाग जाणारी संख्या असलीच तर ती दिसेल कशी?

समजा p या मूळ संख्येने भाग जातो. मग २, ४, ८, १६ असे घात घेत p ने भागत गेलं तर ३१ व्या घाताला बाकी १ येते आणि तिथून बाक्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. मेसच्या मेनूसारखं चक्र. या चक्राची लांबी ३१ ला भागणारी हवी, आणि ३१ मूळ असल्यामुळे ती ३१ च. आता फर्माचं छोटं प्रमेय म्हणतं की p वजा १ व्या घातालाही बाकी १ येते. (त्याची सिद्धता ऑयलरनेच १७३६ मध्ये दिली होती.) म्हणजे p वजा १ मध्ये ३१ चं चक्र पूर्ण बसलं पाहिजे. शिवाय p विषम आहे, म्हणून p वजा १ सम. तेव्हा p ही ६२ च्या पटीत १ मिळवून झालेलीच असणार. सरांच्या २०४७ वर करून बघा. तिथे २२ च्या पटीत १ हवा. २३ बरोबर, ८९ बरोबर. जर्नलच्या कोपऱ्यात दोन्ही माझ्यासमोर होते आणि मला काही दिसलं नव्हतं.

मग दुसरी चाळणी. अशा p ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येऊ शकते. दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की p चे दोनच प्रकार उरतात, २४८ च्या पटीत १ मिळवलेले किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवलेले. ४६३४० पर्यंत असे उमेदवार ३७३. त्यातलेही बरेच ३, ५, ७ ने भाग जाऊन बाद होतात. पहिला खरा उमेदवार ३११, त्याच्यानंतरचा थेट १३०३. एकानेही भाग जात नाही. चाळीस वर्षांची उधारी संपली.

लिहिणारे हात दुसऱ्यांचे होते, मुलगा योहान आल्ब्रेख्ट आणि अकादमीतले तरुण सहकारी. पण विचार आणि आकडे त्याच्या डोक्यात असत. त्याला व्हर्जिलचं अख्खं एनीड महाकाव्य पाठ होतं. असंही सांगतात की एकदा दोन विद्यार्थ्यांनी एका श्रेणीची सतरा पदं मिळवली आणि त्यांची उत्तरं पन्नासाव्या अंकात जुळेनात. तेव्हा ऑयलरने सगळी बेरीज मनात करून कोणाचं बरोबर ते सांगितलं. दृष्टी गेल्यावर काम कमी व्हायचं तर वाढलं. १७७५ या एका वर्षात सरासरी आठवड्याला एक लेख. १७७३ मध्ये पत्नी वारली, तीन वर्षांनी त्याने तिच्या सावत्र बहिणीशी लग्न केलं. १८ सप्टेंबर १७८३ ला जेवताना तो लेक्सेलशी दोनच वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनसच्या कक्षेबद्दल बोलला. त्या दिवसांत फ्रान्समध्ये उडालेल्या फुग्यांचं गणितही पाटीवर होतं. नातवाशी खेळता खेळता झटका आला आणि तो गेला. त्याचे शिल्लक लेख अकादमी पुढे जवळजवळ पन्नास वर्षं छापत राहिली.

संख्या मात्र मागे राहिली. पुढची पाऊणशे वर्षं तरी तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणी सिद्ध केली नाही. तिच्यापासून बनणारी परिपूर्ण संख्या म्हणजे आठवी, २३०५८४३००८१३९९५२१२८. पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८११ च्या पुस्तकात भाकीत केलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणारच नाही, कारण असल्या निरुपयोगी गोष्टीसाठी एवढे कष्ट कोण घेईल? १८७६ मध्ये ल्युकासने १२७ वा घात सिद्ध केला, एकोणचाळीस अंकी. आणि निरुपयोगी म्हणाल तर आज ही संख्या प्रत्येकाच्या मशीनमध्ये बसली आहे. २०१४ मध्ये गंगनम स्टाइल गाण्याचे व्ह्यूज तिच्यापुढे गेले तेव्हा यूट्यूबला काउंटर चौसष्ट बिटांचा लागला. जुन्या बत्तीस बिटांच्या युनिक्स सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, ते २१४७४८३६४७ ला पोचतील १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. मंगळवार आहे, पहिलं लेक्चर चालू असेल.

माझा प्रोग्रॅम आता दुरुस्त झाला आहे. i गुणिले i ऐवजी i ची तुलना n भागिले i शी करते. तो डोळ्याची पापणी लवायच्या आत मूळ आहे असं सांगतो. पण मागच्या आठवड्यात हॉस्टेलची लाइट गेली तेव्हा मी आणि रूममेटने ठरवलं की कागद नाही, मोबाइलचा टॉर्च नाही, डोळे मिटून भागाकार करायचा. ३११ ला पाऊण तास लागला, बाकी ३५ आली, दोघींची जुळली. मग १३०३. माझी बाकी २२६ आली, तिची २६२. लाइट आली होती, पण तिने दिवा लावू दिला नाही. आम्ही दोघी पुन्हा पहिल्या अंकापासून भागायला बसलो.